ब्रँडेड हँडबॅग ऑनलाइन घेताना नकली माल कसा ओळखावा

लुई व्हिटॉनच्या तपकिरी बॅगवरची एल-व्ही आणि फुलांची नक्षी कुणीही लांबूनच ओळखतं. ही नक्षी १८९६ साली आली ती नकलांना वैतागून. आधीचं पट्ट्यांचं आणि चौकटींचं कापड इतरांनी सर्रास उचललं होतं. म्हणून आद्याक्षरं गुंफलेली, कॉपी करायला किचकट अशी नवी नक्षी काढली. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

आज नकली माल बनवणारे अस्सल बॅग दुकानातून विकत घेतात, टाके उसवून तिचे सगळे तुकडे सुटे करतात आणि त्यावरून साचे पाडतात. ओईसीडी (प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने मिळून काढलेल्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सीमापार गेलेला नकली माल ४६४ अब्ज डॉलरपर्यंतचा होता, म्हणजे एकूण जागतिक व्यापाराच्या सुमारे अडीच टक्के. एवढा पैसा खेळत असलेल्या धंद्यात कारागिरी कच्चीच असेल, असं समजून चालत नाही.

त्यामुळे सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ठळक खूण चुकली तर बॅग नकली, असं म्हणता येतं. पण खूण बरोबर निघाली म्हणून बॅग अस्सल ठरत नाही, कारण ती खूण नकली बनवणाऱ्यानेही वाचलेली असते. इंटरनेटवर 'हे पाच पॉइंट तपासा आणि खात्री करा' छापाचे व्हिडिओ पोत्याने आहेत. त्यातले पॉइंट खोटे नसतात, खात्री खोटी असते. खालच्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत. प्रत्येक पायरीवर बॅग बाद करता येते का ते बघायचं. शेवटपर्यंत बाद झाली नाही तरच पैशाचा विचार.

पायरी १: हा ब्रँड अशा ठिकाणी विकला तरी जातो का?

बॅगेचा फोटो बघण्याआधीच निम्मं काम इथे होतं, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

शनेल आपल्या हँडबॅग इंटरनेटवरून विकतच नाही. त्यांच्या साइटवर परफ्यूम, मेकअप, चष्मे मिळतात. बॅग हवी तर दुकानात जावं लागतं. म्हणजे 'शनेल ऑफिशियल ऑनलाइन स्टोअर' नावाची साइट नवी कोरी क्लासिक फ्लॅप बॅग कार्टमध्ये टाकू देत असेल, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. हर्मेसची साइट काही बॅगा विकते, पण बर्किन आणि केली ही तिची सगळ्यात गाजलेली मॉडेलं तिथे सहज कार्टमध्ये टाकता येत नाहीत. दुकानातसुद्धा त्या मागितल्या की लगेच मिळत नाहीत. लुई व्हिटॉन आपला माल स्वतःच्या दुकानांतून आणि स्वतःच्या साइटवरूनच विकते. तिचा सेल लागत नाही आणि तिचं आउटलेट, म्हणजे सवलतीत माल विकणारं दुकान, नाही. 'लुई व्हिटॉन फॅक्टरी आउटलेट' ही चीजच अस्तित्वात नाही.

गुची आणि प्राडाचं गणित वेगळं आहे. त्यांचे आउटलेट आहेत, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्यांचा माल असतो, त्यामुळे सवलतीत अस्सल बॅग मिळणं शक्य आहे. कोच आणि मायकल कोर्स तर आउटलेटमधून भरपूर विकतात. तिथे निम्म्या किमतीची पाटी दिसली म्हणून दचकू नका.

ज्या ब्रँडची बॅग हवी आहे, तो आपला माल कुठे कुठे विकतो हे त्याच्या मूळ साइटवर जाऊन वाचा. साइटचं नाव स्वतः टाइप करा. जाहिरातीवर किंवा सर्चमधल्या पहिल्या प्रायोजित लिंकवर क्लिक करून जाऊ नका.

पायरी २: किंमत

यावर फार लिहिण्यासारखं नाही. नव्या बॅगेची मूळ किंमत ब्रँडच्या साइटवर बघा. वापरलेली हवी असेल तर तेच मॉडेल प्रत्यक्षात किती रुपयांना विकलं गेलं ते बघा. विक्रेते मागतात ती किंमत वेगळी आणि सौदा होतो ती वेगळी. 'सोल्ड' असा फिल्टर बऱ्याच साइटवर असतो, तो लावा.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. चांगल्या अवस्थेतली बर्किन किंवा केली सेकंडहँड बाजारात अनेकदा दुकानातल्या किमतीपेक्षा महाग जाते. तेव्हा कुणी 'एकदाच वापरली, निम्म्या किमतीत देतो' म्हणाला तर त्याच्या दिलदारपणावर विश्वास ठेवू नका. आणि उलटही खरं: किंमत भरभक्कम आहे म्हणजे माल अस्सल, असंही नाही. चलाख विक्रेता नकली बॅग बाजारभावाच्या जेमतेम खाली लावतो, कारण फार स्वस्त लावली तर संशय येतो हे त्यालाही कळतं.

पायरी ३: विकणारा कोण?

अनोळखी वेबसाइट असेल तर आधी तिचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. ब्रँडच्या नावापुढे आउटलेट, सेल, व्हीआयपी, ऑफिशियल असले शब्द जोडलेले, एखादं अक्षर बदललेलं किंवा दुप्पट केलेलं. अशी नावं सर्रास दिसतात. मग 'हूइज' नावाच्या मोफत सेवेवर ते नाव टाका, साइट कधी नोंदवली ते दिसेल. 'गेली वीस वर्षं ग्राहकांच्या सेवेत' म्हणणारी साइट दोन महिन्यांपूर्वी जन्माला आली असेल तर निकाल लागला.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या मध्ये कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्याशीच तुमचं बोलणं सुरक्षितपणे चाललेलं असतं.

साइटवर 'आमच्याविषयी' आणि 'माल परत करण्याचे नियम' ही पानं वाचा. त्यातलं एखादं वाक्य उचलून सर्चमध्ये टाकलं की तोच मजकूर जसाच्या तसा बूट, घड्याळं आणि जॅकेटं विकणाऱ्या इतर साइटवर सापडतो का ते कळतं. सापडला, तर तो एकाच कारखान्यातून निघालेला साचा समजा.

मोठ्या बाजारपेठेच्या साइटवरचा किंवा सोशल मीडियावरचा एकटा विक्रेता असेल तर त्याचं खातं खोदा. नुसता स्टारचा आकडा बघू नका, जुने अभिप्राय उघडून वाचा. तीन वर्षं मोबाइलची कव्हरं आणि पडदे विकणाऱ्या खात्याने अचानक शनेलच्या पाच बॅगा लावल्या असतील तर ते खातं चोरलेलं किंवा विकत घेतलेलं असू शकतं. एकाच व्यक्तीकडे एकच मॉडेल चार रंगांत 'पर्सनल कलेक्शनमधून' असेल, तर ते कलेक्शन कुणाच्या कपाटातलं नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याला हिडन लिंक म्हणतात. लिंकवर दिसते साधी, बिनब्रँडची पर्स. पण 'ही मागवा, हातात वेगळीच पडेल' असं सोशल मीडियावर खुणेने सांगितलेलं असतं. २०२० मध्ये अॅमेझॉनने अशा जाहिराती करणाऱ्या इन्फ्लुएन्सरवर आणि विक्रेत्यांवर अमेरिकेत खटला भरला. हा माल नकली आहे हे तिथे सगळ्यांनाच माहीत असतं. फसवणूक सुरू होते ती नंतर, हीच बॅग पुढच्या माणसाला अस्सल म्हणून विकली जाते तेव्हा.

पायरी ४: जाहिरातीची भाषा

'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'मिरर क्वालिटी', 'वन इज टू वन', 'इन्स्पायर्ड': ही सगळी नकलीचीच नावं. यात 'ब्रँडच्याच कारखान्यातला जास्तीचा माल' ही कहाणीही धरा. महागडे ब्रँड उरलेला माल असा मागच्या दाराने सोडून देत नाहीत. त्यांचा सगळा डोलारा माल कमी मिळण्यावरच उभा असतो.

आता अशी एक जाहिरात घेऊ. 'लुई व्हिटॉन स्पीडी, १०० टक्के ओरिजिनल. गिफ्ट मिळाली होती, वापरली नाही. बिल हरवलं. बॉक्स, डस्ट बॅग, ऑथेंटिसिटी कार्डसह. माल परत घेतला जाणार नाही.' गिफ्ट मिळाली, म्हणजे कुठून घेतली ते सांगायची जबाबदारी गेली. बिल हरवलं, असेलही हरवलं, लोकांची हरवतात. पण बॉक्स, कापडी पिशवी सगळं जपून ठेवलं आणि नेमकं बिल गेलं? आणि मुख्य गोष्ट: लुई व्हिटॉन आपल्या बॅगेसोबत ऑथेंटिसिटी कार्ड देतच नाही. हर्मेसही देत नाही. विक्रेत्याने भरवसा वाटावा म्हणून जे जोडलं, त्यानेच त्याचा घात केला.

बॉक्स, डस्ट बॅग, रिबन, कागदी पिशवी, इतकंच काय पण जुनी बिलंसुद्धा सुटी विकत मिळतात. या सगळ्याला शून्य मार्क द्या.

पायरी ५: फोटो मागवा

इथवर बॅग टिकली तर आता फोटो. आधी जाहिरातीतले फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, ते दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीतून उचललेले आहेत का. ब्रँडच्या साइटवरचे गुळगुळीत फोटो लावलेले असतील तर ते त्या बॅगेचे फोटो नव्हेतच.

मग विक्रेत्याला नम्रपणे पण यादी देऊन विचारा. संपूर्ण बॅग समोरून, मागून आणि बुडाकडून. चारही कोपरे. हँडल किंवा पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे ती जागा, जवळून. आतल्या ठशावर किंवा लोगोवर नेम धरून काढलेला, अक्षरं स्वच्छ वाचता येतील असा फोटो. झिपचा पुढचा भाग आणि तिच्या पाठीवरचं नाव. कुलूप, बकल, साखळी, स्क्रूचं डोकं. अस्तर, आतल्या खिशासकट. आणि असेल तर सिरीयल नंबर, डेट कोड (बॅग कुठे, कधी बनली ते सांगणारी अक्षरं-आकडे) किंवा स्टिकर. हे सगळे दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, फिल्टर न लावता.

यातल्या निदान एका फोटोत बॅगेशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो एखादा शब्द हाताने लिहून ठेवायला सांगा. बॅग खरंच त्याच्या हातात आहे का, हे त्यातून कळतं. शक्य असेल तर छोटा व्हिडिओ मागा. रंग, चामड्याचा पडणारा बाक आणि साखळीचा आवाज फोटोत येत नाही.

अस्सल माल असलेला विक्रेता हे सगळं देतो. जुना मुरलेला असेल तर तुम्ही मागण्याआधीच दिलेलं असतं. 'इतके प्रश्न विचारायचे तर घेऊ नका', 'तीन जण रांगेत आहेत', 'नंबर दाखवला तर लोक कॉपी करतात' अशी उत्तरं आली की तिथून उठा. शेवटच्या कारणात थोडं तथ्य आहे, म्हणून शेवटचे दोन आकडे झाकले तर मी समजून घेईन. अख्खा नंबर दाखवायला नकार मात्र चालणार नाही.

पायरी ६: फोटोत काय बघायचं

हा भाग मोठा आहे, आणि प्रत्येक ब्रँडसाठी वेगळा आहे. सगळ्यांना लागू पडणारी एकच युक्ती: त्याच मॉडेलचे, त्याच काळातले अस्सल फोटो शेजारी उघडून ठेवा आणि एकेक तपशील जुळवा. आठवणीवर भिस्त ठेवू नका.

लुई व्हिटॉनपासून सुरू करू. ती नक्षीची बॅग चामड्याची नसते. लेप दिलेल्या सुती कॅनव्हासची असते. चामडं असतं ते हँडल, कडा आणि पट्ट्यांना. अनेक मॉडेलवर ते कच्चं, रंग न दिलेलं असतं, आणि ऊन-हवा-हात लागून मधासारखं गडद होत जातं. दहा वर्षं रोज वापरलेली सांगतात आणि हँडल दुधासारखं पांढरं, असं दिसलं तर विचारा. हँडल बदलून घेतलेलं असू शकतं, पण मग विक्रेत्याला ते सांगता यायला हवं. ठशातली अक्षरं बघा: 'ओ' अगदी गोल, 'एल'ची आडवी रेघ आखूड, शेजारचे दोन 'टी' जवळजवळ एकमेकांना खेटलेले. नकलीत 'ओ' बऱ्याचदा लांबट अंड्यासारखा होतो.

स्पीडीसारख्या काही बॅगा कॅनव्हासच्या एकाच अखंड तुकड्यातून बुडाखालून वळवून शिवतात. त्यामुळे एका बाजूला नक्षी सुलटी आणि दुसऱ्या बाजूला उलटी येते. ही चूक वाटून घाबरणारे लोक पुष्कळ. तिथे ती तशीच हवी.

आता डेट कोड. हा सिरीयल नंबर नाही. बॅग कुठे आणि कधी बनली एवढंच तो सांगतो, आणि एकच कोड अनेक बॅगांवर असतो. दोन अक्षरं कारखान्याची, पुढचे चार आकडे काळाचे. २००७ पासूनच्या बॅगांवर पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. समजा कोड आहे सीए ११३५. पहिला १ आणि तिसरा ३, म्हणजे १३वा आठवडा. दुसरा १ आणि चौथा ५, म्हणजे २०१५. सीए हा स्पेनमधल्या कारखान्याचा कोड, तेव्हा बॅगेवरच्या ठशावर 'मेड इन स्पेन' हवं. 'मेड इन फ्रान्स' असेल तर बॅग बाद. कोड ६१८४ असेल तर तो सांगतो २०१४ सालचा ६८वा आठवडा. वर्षात इतके आठवडे कुठून आणायचे? १९९० ते २००६ या काळात त्याच जागी आठवड्याऐवजी महिना असायचा, तेव्हा तिथे १२ च्या वरचा आकडा येऊच शकत नाही.

मार्च २०२१ पासून लुई व्हिटॉनने डेट कोड बंद करून आत चिप बसवायला सुरुवात केली. म्हणून '२०२३ची बॅग आहे, डेट कोड आहे बघा' हे दोन दावे एकत्र नांदत नाहीत. उलट नव्या बॅगेत कोड सापडत नाही म्हणून ती नकली, हा निष्कर्षही चुकीचा. १९८० च्या आधीच्या बॅगांवरही तो नसतो. आणि चिप आहे म्हणून बॅग अस्सल, असंही नाही. नकली बॅगांतही आता चिपा घालतात. फोन लावला की एखादं वेबपान उघडतं, आणि ते पान कुणाचं हे कुणी बघत नाही.

शनेलच्या बॅगेवर शंकरपाळीच्या आकाराची शिलाई असते. मागच्या बाहेरच्या खिशाकडे बघा: खिशावरच्या रेषा बॅगेच्या अंगावरच्या रेषांशी सलग जुळल्या पाहिजेत, जणू खिसा नाहीच. हे जुळवायला चामडं जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, म्हणून स्वस्तातली नकल इथे हमखास घसरते. मग कुलूप. एकमेकांत अडकलेल्या दोन 'सी'मध्ये वरच्या जोडावर उजवा 'सी' डाव्यावरून जातो आणि खालच्या जोडावर डावा उजव्यावरून. दोन्ही जोडांवर एकच 'सी' वर असेल, तर काम आटोपलं.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून शनेलच्या बॅगेत सिरीयल नंबरचं स्टिकर आणि सोबत तोच नंबर असलेलं कार्ड यायचं. २०२१ पासून त्याची जागा चिप असलेल्या धातूच्या छोट्या पट्टीने घेतली. स्टिकरवरच्या नंबराचे सुरुवातीचे आकडे कोणत्या काळाचे ते सांगणारे तक्ते सहज मिळतात. नंबर सांगतो तो काळ आणि विक्रेता सांगतो तो काळ जुळतो का ते बघा. कार्डावरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर एकच आहे एवढ्यावर समाधान मानू नका. नकली बनवणारा दोन्हीकडे एकच नंबर छापतो, त्यात त्याला काय कष्ट?

हर्मेसची गंमत निराळी. बाकी सगळीकडे आपण वेडीवाकडी शिलाई दिसली की नाक मुरडतो. इथे उलट आहे. बर्किन आणि केलीची शिलाई खोगीर शिवायच्या जुन्या पद्धतीने हाताने करतात: मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि त्याच भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई आरपार. त्यामुळे प्रत्येक टाका किंचित तिरका पडतो, आणि एखादा दोरा तुटला तरी शिलाई धडाधड उसवत नाही. मशीनची शिलाई मात्र मोजपट्टीने आखल्यासारखी सरळ येते. फोटो मोठा करून बघा. सगळे टाके एका रेषेत, एका लांबीचे, निर्जीव सरळ दिसले तर संशय घ्या.

ठशावर ब्रँडच्या नावातल्या दुसऱ्या 'ई'वर डावीकडून उजवीकडे उतरणारी छोटी तिरकी रेघ हवी. आणि बॅगेवर वर्षाचं अक्षर असतं. १९७१ ते १९९६ ही वर्षं ए ते झेड, वर्तुळात. १९९७ पासून २०१४ पर्यंत चौकोनात. त्यानंतर नुसतंच अक्षर, भोवती काही नाही. आता हे ताडून बघा: बर्किन बाजारात आली १९८४ साली. वर्तुळातलं 'एन' म्हणजे १९८४. तेव्हा वर्तुळात 'एफ' असलेली बर्किन कुणी दाखवली, तर ती बर्किन जन्माला यायच्या आठ वर्षं आधी शिवलेली ठरते. आणि नारंगी रंगाचं प्लास्टिकचं 'सर्टिफिकेट' जोडलं असेल तर वर सांगितलंच आहे.

गुचीच्या आत चामड्याच्या छोट्या पट्टीवर दोन ओळींत आकडे असतात. तो त्या एका बॅगेचा नंबर नसतो. एका ओळीत मॉडेलचा क्रमांक असतो. तो सर्चमध्ये टाका. तीच बॅग यायला हवी. बूट किंवा भलतंच मॉडेल आलं तर बॅग परत. प्राडाच्या लोगोत 'आर' बघा: त्याचा तिरका पाय आणि वरचा गोलावा जिथे भेटतात तिथे छोटी खाच असते. नकली 'आर' बहुधा सलग, ठोकळेबाज असतो.

झिपबद्दल थोडक्यात. लॅम्पो, रिरी, वायकेके ही नावं अस्सल बॅगांच्या झिपवर येतात. पण वायकेके ही जगातली अवाढव्य झिप कंपनी आहे, तिची झिप कुणीही विकत घेऊ शकतो. नाव भलतंच किंवा काहीच नसेल तर मॉडेलशी ताडून बघा. नाव बरोबर आहे म्हणून खूश होऊ नका.

मध्येच: यांच्या नादी लागू नका

लायटरची ज्योत लावून चामडं तपासण्याचे व्हिडिओ फिरत असतात. कृपा करून असलं काही करू नका. कॅनव्हासवरचा लेप अस्सल बॅगेचाही जळतो. बॅग अस्सल होती हे तुम्हाला डाग पडल्यावर कळेल.

'मेड इन चायना' किंवा 'मेड इन व्हिएतनाम' दिसलं की नकली, हेही खरं नाही. कोच आणि मायकल कोर्सच्या अस्सल बॅगा तिथेच बनतात. हेच हर्मेसच्या बॅगेवर दिसलं तर गोष्ट वेगळी.

आणि एखादा दोरा सुटलेला, एखादा टाका जरा हललेला. अस्सल बॅगेतही माणसाच्या हातून असं होतं. बाद करायचं ते आकार, अक्षरं, जोडणी आणि काळ यांत ठळक चूक असेल तेव्हा.

पायरी ७: तिसऱ्याकडून तपासून घ्या

बहुतेक मोठे ब्रँड दुकानात आणलेली बॅग अस्सल आहे की नाही याचा दाखला देत नाहीत. म्हणून रक्कम मोठी असेल तर पैसे देऊन तपासणारी स्वतंत्र सेवा गाठा. काही जण फोटोंवरून मत देतात. ब्रँडनिहाय जाणकार असतील अशांकडेच जा आणि मत लेखी घ्या. एन्ट्रुपीसारख्या सेवा सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याने चामड्याचे, ठशाचे फोटो घेऊन संगणकाकडून ताडून बघतात. ईबेने २०२१ पासून काही देशांत हँडबॅगसाठी अशी सोय केली आहे की बॅग आधी तपासनीसाकडे जाते आणि मग ग्राहकाकडे. सेकंडहँड बॅगांच्या मोठ्या साइटही आतल्या आत तपासणी करतात.

तरीही 'ऑथेंटिकेटेड' हा शिक्का ब्रह्मवाक्य मानू नका. २०१८ साली शनेलने द रिअलरिअल या नावाजलेल्या अमेरिकी साइटवर नकली शनेल बॅगा विकल्याचा आरोप करून खटला भरला. साइटने आरोप फेटाळले. न्यायालयात काय ठरायचं ते ठरो. तुमच्या कामाची गोष्ट ही की साइटची हमी किती दिवसांची आहे, आणि नंतर बॅग नकली निघाली तर पूर्ण पैसे परत मिळतात का, हे आधी वाचून ठेवा. विक्रेत्याने स्वतः चिकटवलेल्या तपासणी प्रमाणपत्राला मात्र काही अर्थ नाही. त्यावरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्याच्या साइटवर स्वतः जाऊन तपासा. क्यूआर कोड स्कॅन करून नव्हे.

पायरी ८: पैसे

पैसे अडवता किंवा परत मागता येतील अशाच मार्गाने द्या. क्रेडिट कार्ड उत्तम. बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत वळवण्याची, मागणी करता येते. पेपॅल वापरत असाल तर 'गुड्स अँड सर्व्हिसेस' हा पर्याय निवडा. विक्रेता 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून पाठवा, फी वाचेल, असा आग्रह धरेल. त्यात तुमचं संरक्षण जातं. थेट बँक ट्रान्सफर, क्रिप्टो, गिफ्ट कार्ड यांतून दिलेले पैसे गेले ते गेले.

बाजारपेठेच्या साइटवर भेटलेला विक्रेता 'साइटबाहेर बोलू, स्वस्त देतो' म्हणाला तर जाऊ नका. सगळं बोलणं साइटच्याच चॅटमध्ये ठेवा. उद्या वाद झाला तर साइटवाले तेवढंच वाचतात.

पायरी ९: पार्सल आल्यावर

कॅमेरा सुरू करूनच पार्सल उघडा. आधी न उघडलेल्या खोक्यावरचं लेबल दिसू द्या, मग मध्ये न थांबवता आतली बॅग, ठसा, नंबर, झिप. फोटोतली बॅग आणि आलेली बॅग एकच आहे का हे आधी बघा: चामड्याची रेषा, एखादा ओरखडा, नक्षी शिवणीवर कुठे कापली गेली ती जागा. अस्सल बॅगेचे फोटो दाखवून नकली पाठवणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

मग फोटोत न कळणाऱ्या गोष्टी. गोंद आणि प्लास्टिकचा उग्र वास येतो का? धातूचे भाग हातात जड लागतात की पोकळ? झिप अडखळत चालते का? यातल्या कशावरून एकट्याने निकाल देऊ नका, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या तर पुन्हा तिसऱ्याकडे तपासून घ्या.

नकली निघालीच, तर माल परत करायची मुदत आणि तक्रारीची मुदत या दोन्ही तारखा त्याच दिवशी शोधून लिहून ठेवा. विक्रेते 'दोन दिवस थांबा, वरिष्ठांशी बोलतो' करत मुदत संपवतात. तक्रारीत 'मला नकली वाटते' एवढं लिहून भागत नाही. डेट कोड ठशाशी जुळत नाही, वर्षाचं अक्षर मॉडेलशी जुळत नाही, असं नेमकं लिहा, फोटो जोडा, तपासनीसाचं लेखी मत जोडा. साइटने किंवा बँकेने सांगितल्याशिवाय बॅग परत पाठवू नका; काही वेळा ती नष्ट करायला किंवा त्यांच्याकडे जमा करायला सांगतात. पाठवावी लागलीच तर ट्रॅकिंग असलेल्या कुरियरनेच, आणि पावती जपून.

पैसे मिळाले नाहीत म्हणून ती बॅग पुढे कुणाच्या गळ्यात मारू नका. नकली माल जाणूनबुजून विकणं अनेक देशांत गुन्हा आहे. ती घेऊन परदेशी फिरायलाही जाऊ नका: सीमाशुल्क अधिकारी असा माल जप्त करू शकतात आणि फ्रान्समध्ये तर नकली वस्तू नुसती जवळ बाळगल्याबद्दलही दंड होऊ शकतो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बॅग वापरू नका, टॅग तोडू नका, आणि खोकंही टाकून देऊ नका.